मेंढीला जुळी देणारं जनुक: फेकबीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या 'नारी सुवर्णा' मेंढीचं नाव पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच मेंढपाळांच्या कानावर असतं. तिला जुळी होण्यामागे फेकबी नावाचं जे जनुक आहे त्याबद्दल मेंढपाळ, पशुवैद्यकाचे विद्यार्थी आणि मेंढीपालनात नव्याने उतरणारी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत. ज्यांना फक्त मेंढा विकत घ्यायचा आहे त्यांनी थेट शेवटचा प्रश्न वाचला तरी चालेल.

फेकबी म्हणजे नेमकं काय?

मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-१बी नावाचं एक जनुक असतं. ते सगळ्याच मेंढ्यांत असतं, आपल्याकडच्या दख्खनी मेंढीतही. जनुक म्हणजे डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार 'अक्षरां'ची लांब ओळ. या जनुकाच्या ७४६ व्या जागी बहुतेक मेंढ्यांत 'ए' हे अक्षर असतं. काही थोड्या जातींत तिथे 'जी' आहे. तेवढ्याने त्या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनातलं २४९ वं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिनच्या जागी अर्जिनिन येतं. या बदललेल्या रूपाला फेकबी म्हणतात. मेंढीच्या जनुकसंचात अडीचशे कोटींहून जास्त अक्षरं आहेत, त्यातलं हे एक.

प्रत्येक मेंढीकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. त्यामुळे कळपात तीन प्रकारची जनावरं मिळू शकतात: फेकबीची एकही प्रत नसलेली, एक प्रत असलेली आणि दोन प्रती असलेली. पुढच्या सगळ्या उत्तरांत 'किती प्रती' हा हिशोब पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून तो इथेच पक्का करून घ्या.

हे जनुक मुळात कुठलं? कोणी ऑस्ट्रेलियाचं म्हणतं, कोणी बंगालचं.

दोन्ही बरोबर, फक्त क्रम उलटा लावला जातो.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाची मेंढ्यांची जहागीर होती. तिथल्या सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्यांना तीन-तीन, चार-चार कोकरं होत. मेरिनोसाठी ही अजबच गोष्ट. १९५८ मध्ये त्यांनी पाच कोकरांच्या वेतातला एक मेंढा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला भेट दिला आणि तिथून अभ्यास सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पायपर आणि बिंडन यांनी दाखवलं, की हा गुण अनेक जनुकांच्या बेरजेतून आलेला नसून एकाच मोठ्या जनुकाचा असावा. त्या जनुकाचा पत्ता मात्र २००१ मध्ये लागला. न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथले तीन गट एकाच वर्षी, एकमेकांपासून वेगळे, त्याच एका अक्षरापर्यंत पोचले.

पण मेरिनोत ते आलं कुठून? ऑस्ट्रेलियात गोऱ्यांची वसाहत नुकतीच वसत होती तेव्हा, १७९० च्या दशकात, कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या होत्या. त्या बहुप्रसवा (एका वेताला अनेक कोकरं देणाऱ्या) आहेत, असं तेव्हाच्या नोंदीत आहे. आनुवंशशास्त्रज्ञ हेलन न्यूटन टर्नर यांनी या जुन्या नोंदींवरून बंगालकडे बोट दाखवलं होतं. २००२ मध्ये आठ देशांतल्या मेंढ्यांचे डीएनए तपासले गेले, तेव्हा सुंदरबनातल्या गारोल मेंढीत अगदी तेच अक्षर तसंच बदललेलं सापडलं. त्याच तपासणीत इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या मेंढ्यांत आणि पुढे चीनमधल्या काही मेंढ्यांतही ते मिळालं. म्हणजे आपल्याच देशातलं जनुक दोनशे वर्षांनी परदेशी नाव घेऊन आपल्याला भेटलं. सरकारी भाषणांत हे सांगायला फार बरं वाटतं. मला त्यातली जास्त रंजक बाजू ही वाटते, की गारोल पाळणाऱ्या सुंदरबनातल्या गरीब कुटुंबांनी डीएनए हा शब्दही न ऐकता हे जनुक पिढ्यान् पिढ्या टिकवलं.

एक अक्षर बदलल्याने जुळी कशी होतात?

इथे थोडं बीजांडकोशात डोकवावं लागेल.

माजाच्या आधी मेंढीच्या बीजांडकोशात द्रवाने भरलेली बरीच पुटकं एकाच वेळी वाढायला लागतात. प्रत्येकात एक बीजांड असतं. त्यांना वाढवतं ते मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीतून येणारं एफएसएच हे संप्रेरक. पुटक मोठं होऊ लागलं की ते स्वतः इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन सोडतं, आणि ही दोन संप्रेरकं पियूषिकेला सांगतात, आता एफएसएच कमी करा. एफएसएच घसरतं. जे पुटक सगळ्यांत पुढे गेलेलं असतं ते तेवढ्यावरही तगतं, बाकीची सुकून जातात. म्हणून साधारण दख्खनी मेंढीत एकच बीजांड सुटतं आणि एकच कोकरू होतं.

फेकबीमुळे बदलतो तो पुटकातल्या पेशींवरचा एक ग्राही, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन. या ग्राहीमधून पेशींना 'अजून वाढत राहा, घाई करू नका' अशा अर्थाचा निरोप जात असतो. तो निरोप बिघडला की पेशी लवकर पक्व होतात, म्हणजे पुटक लहान असतानाच बीजांड सोडायला तयार होतं. लहान पुटकात पेशी कमी, त्यामुळे त्यातून येणारं इस्ट्रोजेन आणि इन्हिबिनही कमी. पियूषिकेपर्यंत एफएसएच थांबवण्याइतका इशारा पोचायला आता एक पुटक पुरत नाही, दोन-तीन लागतात. तोवर ती दोन-तीनही तयार झालेली असतात.

फेकबीच्या मेंढीच्या रक्तातलं एकूण इस्ट्रोजेन साध्या मेंढीपेक्षा फारसं जास्त नसतं. तेवढंच उत्पादन जास्त पुटकांत विभागलं जातं, इतकंच. नुसतं जनुक वाचून हे कधीच कळलं नसतं. पुटकं मोजली, पेशी मोजल्या, दर काही तासांनी रक्त काढून संप्रेरकं मोजली, तेव्हा ही वाटणी दिसली.

मग यात 'सिस्टिम्स बायॉलॉजी' कुठे आली?

वर सांगितलं तीच. मराठीत प्रणाली जीवशास्त्र. हा शब्द हल्ली संशोधन प्रस्तावांत मीठ-मसाल्यासारखा टाकला जातो, पण त्यामागचं काम साधं आहे: जनुक, प्रथिन, पेशी, अवयव आणि अख्खं जनावर यांच्यात निरोप कसे फिरतात आणि एका ठिकाणी बदल केला तर दुसरीकडे काय होतं, याचा हिशोब मांडणं.

तो न मांडता निव्वळ 'चांगलं जनुक' शोधत सुटलं तर काय होतं, त्याचं उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. तिथे ए-२८१ क्रमांकाच्या एका रॉम्नी मेंढीने अकरा वेतांत तेहेतीस कोकरं दिली. तिच्या वंशात जो बदल सापडला त्याला इन्व्हरडेल म्हणतात. तो बीएमपी-१५ या जनुकात आहे आणि हे जनुक फेकबीच्याच निरोपाच्या साखळीत, जरा वरच्या बाजूला बसतं. एक प्रत असेल तर मेंढीला जुळी होतात, फेकबीसारखंच. पण दोन प्रती असलेली मेंढी वांझ निघते. तिचा बीजांडकोश नुसता दोरीसारखा राहतो, पुटकं वाढतच नाहीत. एकाच साखळीतले दोन दुवे, एकात दोन प्रती चालतात आणि दुसऱ्यात चालत नाहीत. कळपात कोणता दुवा आणायचा हे आधी कळायला नको का?

दुसरं एक उदाहरण मांसाचं. युरोपातल्या टेक्सेल मेंढ्यांच्या मांड्या भरदार असतात. त्यांच्या मायोस्टॅटिन या जनुकातला बदल २००६ मध्ये सापडला, पण तो प्रथिनाचा नकाशा असलेल्या भागात नव्हताच, त्याच्या शेपटीत होता. त्या एका अक्षरामुळे स्नायूंतले दोन सूक्ष्म आरएनए (प्रथिन बनण्याला आवर घालणारे छोटे रेणू) तिथे येऊन चिकटतात आणि प्रथिन कमी बनतं. मायोस्टॅटिनचं काम स्नायूंची वाढ रोखणं. रोखणारा कमी झाला, स्नायू वाढले. फक्त प्रथिनं तपासत बसणाऱ्याला हे सापडलं नसतं.

दोन प्रती असतील तर चार-पाच कोकरं होतील का?

दख्खनीत नाही. बुरूला मेरिनोत दोन प्रतींच्या मेंढीतून एका माजात पाच किंवा त्याहून जास्त बीजांडं सुटताना दिसतात. गारोलमध्ये मात्र दोन प्रती असूनही बहुतेक वेळा दोन, कधीमधी तीन कोकरं. जनुक तेच, अक्षर तेच, तरीही फळ वेगळं, कारण बाकीचा जनुकसंच वेगळा. दख्खनीच्या संकरात एका प्रतीने सरासरी एका वेताला सुमारे अर्धं कोकरू वाढतं. म्हणजे दहा मेंढ्या व्याल्या तर दहाच्या जागी साधारण पंधरा कोकरं. काहींना जुळी, काहींना एकच, तिळी क्वचित. दुसऱ्या प्रतीने बीजांडं वाढतात, पण जिवंत कोकरांच्या संख्येत त्या मानाने फार फरक पडत नाही.

माझ्या मते महाराष्ट्रासाठी हे चांगलंच झालं. तिळ्यांना दूध पुरवणारी मेंढी आपल्या चाऱ्यावर कुठून आणायची?

फेकबीचा मेंढा कळपात सोडला की मेंढ्यांना लगेच जुळी होतात ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की वेगळा प्रश्न करावा लागला. किती बीजांडं सुटणार हे मेंढीच्या बीजांडकोशात ठरतं, मेंढ्याच्या वीर्यात नाही. तुमच्या आजच्या दख्खनी मेंढ्यांना फेकबीच्या मेंढ्यापासूनही एकच कोकरू होणार. त्यातल्या माद्या मोठ्या होऊन व्यायला लागतील तेव्हा जुळी दिसतील. पाच महिने गाभण, मग पाट एक-सव्वा वर्षाची होईपर्यंत थांबणं, मग पुन्हा पाच महिने. दोन वर्षं धरून चला. पहिल्याच वर्षी 'मेंढा फसवा निघाला' म्हणून विकून टाकणारे लोक असतात, तसं करू नका.

मेंढा स्वतः वीत नाही, मग त्याच्यात जनुक आहे हे ओळखायचं कसं?

डीएनए चाचणीने, दुसरा सोपा मार्ग नाही. पूर्वी बुरूलावर काम करणाऱ्यांना एका मेंढ्याची परीक्षा करायला त्याच्या डझनावारी मुली वाढवून, दुर्बिणीने त्यांचे बीजांडकोश तपासावे लागत. २००१ मध्ये नेमकं अक्षर कळल्यावर हे काम रक्ताच्या काही थेंबांवर आलं. फलटणच्या प्रकल्पात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा आणि ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचा सहभाग होता, तो बराचसा याच कामासाठी.

चाचणी कशी होते ते बघण्यासारखं आहे. रक्तातून डीएनए काढतात आणि त्या अक्षराच्या आजूबाजूचा १९० अक्षरांचा तुकडा पीसीआर यंत्रात लाखो पटींनी वाढवतात. मग त्यात एव्हीए-२ नावाचं विकर (एन्झाइम) घालतात. हे विकर फेकबीचं अक्षर असेल तिथेच तुकडा कापतं, नसेल तर सोडून देतं. जेलवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, वीज सोडून तुकडे पळवले की लहान तुकडा पुढे जातो. एकच रेघ १९० वर, म्हणजे फेकबी नाही. एकच रेघ १६० वर, म्हणजे दोन प्रती. दोन रेघा दिसल्या तर एक प्रत. कापलेला ३० अक्षरांचा तुकडा इतका लहान असतो की तो बहुधा दिसतच नाही, आणि पहिल्यांदा जेल बघणारा विद्यार्थी तो हटकून शोधत बसतो.

गारोल तर शेळीच्या करडाएवढी असते. तिचं रक्त आलं की कोकरं खुजी होणार नाहीत का?

थेट संकरात होतातच. गारोलची मोठी मेंढी दहा ते चौदा किलोची, दख्खनी तिच्या दुपटीहून जास्त. म्हणून 'नारी सुवर्णा' तयार करताना फलटणला गारोल-दख्खनीच्या पहिल्या संकरावर थांबले नाहीत. संकरातल्या फेकबी असलेल्या जनावरांचा पुन्हा दख्खनीशी संकर, त्यातल्या फेकबीवाल्यांचा पुन्हा, असं करत गेले. दर पिढीला गारोलचा वाटा निम्मा होतो: ५० टक्के, २५, मग साडेबारा. कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचंही रक्त त्यात आणलं गेलं.

इथे लोक विचारतात, की रक्त पातळ होत गेलं तर जुळ्यांचा गुणही पातळ होईल. होत नाही. जनुक अर्धं-पाव होत नसतं. ते असतं किंवा नसतं. एका प्रतीच्या जनावराचा साध्या जनावराशी संकर केला की निम्म्या पिल्लांत ते पूर्णच्या पूर्ण जातं आणि निम्म्यांत अजिबात जात नाही. चाचणी करून दर पिढीला 'असलेली' निम्मी ठेवायची आणि बाकीची बाजाराला. फलटणच्या संस्थेतल्या डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं या कामातलं मोठेपण मला इथे वाटतं: प्रयोगशाळेतल्या शोधाला हात लावायच्या आधीपासून त्यांनी गारोल, दख्खनी आणि बन्नूर यांची वजनं, वेतं आणि मरतुक यांच्या वह्या ठेवल्या होत्या. चाचणी आली तेव्हा ती लावायला कळप तयार होता.

राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी मिळून 'अविशान' तयार केली. वाट तीच, मेंढी तिकडच्या हवामानाची.

जुळी झाली म्हणजे फायदा झालाच, असं धरायचं का?

धरू नका. फेकबी कोकरांची संख्या देतं, कोकरं जगवत नाही. जुळ्यातलं कोकरू जन्मतः हलकं असतं. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते आणि दोन गर्भांनी कोठा भरलेला असल्यामुळे मेंढीला पोटभर चारा खाताच येत नाही. याच काळात खुराक कमी पडला तर ती अंगातली चरबी जाळायला लागते, रक्तातली साखर घसरते, ती कळपामागे रेंगाळते, खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत आडवी होते. मेंढपाळाला वाटतं अचानक गेली. अचानक काही नसतं. शेवटच्या दीड महिन्यात रोज मूठ-दोन मुठी धान्य किंवा पेंड मिळाली असती तर ती वाचली असती.

व्याल्यावर दोन्ही कोकरांना पहिल्या तासाभरात चीक मिळालाच पाहिजे. मेंढी बहुतेक वेळा आधी जन्मलेल्याला चाटते आणि धाकट्याला ढुशी मारते. अशा वेळी मेंढीला आणि दोन्ही कोकरांना वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) एका कोपऱ्यात दोन दिवस वेगळं ठेवलं की ती धाकट्यालाही ओळखते. एवढी उस्तवार करायला घरात माणूस नसेल तर फेकबीच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगतो.

आमचा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) दिवाळीनंतर कोकणात उतरतो. भटक्या कळपात हे जमेल?

जमतं, पण एका जागी बांधून पाळणाऱ्यापेक्षा अवघड. चालत्या वाड्यात नवी कोकरं घोड्यावर बसवून न्यावी लागतात आणि जुळी म्हणजे ओझं दुप्पट. निम्म्या कळपातच फेकबी ठेवा, आणि मेंढा अशा बेताने सोडा की वेतं मुक्कामाच्या काळात पडतील. सगळ्या कळपाला एकदम जुळी लावण्याची घाई कोणालाच परवडत नाही.

दुधासाठी किंवा वजनासाठी असंच एखादं जनुक का सापडत नाही?

कारण ते गुण एका जनुकाचे नाहीत. गाईच्या उंचीचं घ्या. २०१८ मध्ये जगभरातल्या ५८ हजारांहून जास्त गाईगुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उंचीशी नातं असलेल्या १६३ जागा जनुकसंचात सापडल्या. त्या सगळ्या मिळूनही उंचीतल्या फरकाचा जास्तीत जास्त १३.८ टक्के उलगडा झाला. दुधात डीजीएटी-१ सारखं स्निग्धांशावर मोठा परिणाम करणारं एखादं जनुक आहे खरं, पण आपल्या देशी गाई आणि म्हशींत त्याचं जास्त फॅटवालं रूपच जवळपास सर्रास आहे, त्यामुळे निवड करायला वावच उरत नाही.

अशा गुणांसाठी २००१ मध्ये म्युविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी वेगळी रीत सुचवली: एकेक जनुक शोधत बसू नका, जनुकसंचातल्या हजारो खुणा एकदम वाचा आणि सगळ्यांच्या लहान-लहान परिणामांची बेरीज करून जनावराची किंमत ठरवा. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन वळू या रीतीने निवडले जातात. आपल्याकडे या खुणा वाचणाऱ्या चिप, गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचं लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला झालं. चिप ही फक्त पट्टी आहे. तिच्यावरच्या आकड्यांना अर्थ येतो तो हजारो गाईंच्या रोजच्या दुधाच्या खऱ्या नोंदींमुळे, आणि त्या नोंदी गोठ्यातच होतात.

हे 'जीएम' (जनुकं प्रयोगशाळेत बदललेलं) जनावर आहे का?

नाही. फेकबी हा निसर्गात झालेला बदल आहे आणि तो एका जातीतून दुसरीत नैसर्गिक पैदाशीने आणला आहे. प्रयोगशाळेचं काम फक्त ओळखण्याचं. काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने २०२५ मध्ये जाहीर केलेली मेंढी मात्र जनुक संपादनाची. तिच्यात मायोस्टॅटिन मुद्दाम बदललं आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

उस्मानाबादी शेळीला हा मेंढा चालेल का?

नाही. शेळी आणि मेंढी यांची गुणसूत्रंच वेगळी, ६० आणि ५४. शिवाय उस्मानाबादीला जुळी तशीही सर्रास होतात.

फेकबीचा मेंढा घेताना काय बघावं?

आधी चाचणीचा कागद मागा आणि त्यावरचा बिल्ला क्रमांक मेंढ्याच्या कानातल्या बिल्ल्याशी जुळवून बघा. कागद नसेल तर 'याची आई जुळी देते' एवढ्यावर जास्त पैसे मोजू नका. दोन प्रतींचा मेंढा घेतलात तर तुमच्या साध्या मेंढ्यांपासून होणाऱ्या प्रत्येक कोकरात एक प्रत हमखास असेल, पुन्हा चाचणीची गरज नाही. एका प्रतीचा मेंढा स्वस्त मिळतो, पण निम्मीच कोकरं फेकबीची निघतात आणि ती कोणती हे कळायला पुन्हा रक्त पाठवावं लागतं. हिशोब केला तर तो महागात पडतो.

त्यानंतर जनुक विसरून मेंढा म्हणूनच त्याला पारखा: पाय सरळ, वृषणं दोन्ही सारखी आणि घट्ट, दात नीट, वयाच्या मानाने वजन चांगलं. ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या रोगाची तपासणी करून घ्या. आणि त्याच्या मुली पहिल्यांदा माजावर यायच्या आत तो मेंढा बदला किंवा शेजारच्या कळपाशी अदलाबदल करा, नाहीतर बाप-लेकीचा संकर होऊन पुढची कोकरं अशक्त निघतील.